पावणेदोन टन आणि दीडशे पावलं

लालबाग-परळ भागात ज्यांचे छोटेमोठे कारखाने अजून तग धरून आहेत, त्यांना जड मशीन हलवायचं असलं की ते एका बाईला फोन करतात. बकुळा तळवडेकर तिचं नाव. वय सत्तावन्न, अंगाने किरकोळ. साडीवर पुरुषी सदरा, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला अडकवलेली शिट्टी. तिला पहिल्यांदा बघणारा माणूस तिच्या खांद्यावरून पलीकडे नजर टाकतो आणि विचारतो, "मुकादम कुठे आहेत?"

"मीच," ती म्हणते. सोळा वर्षं हेच उत्तर देते आहे, त्यामुळे त्यात आता ना राग उरलाय ना अभिमान.

मुकादम होता तो तिचा नवरा, आनंदा. मूळचा सावंतवाडीकडचा. गिरणीत लागायचं म्हणून मुंबईत आला, पण आला तेव्हा गिरण्यांना कुलपं लागत होती, म्हणून मशीन हलवणाऱ्या टोळीत शिरला. अंगात ताकद बेताचीच, पण वजनाची नजर अशी की लोखंडाचा ठोकळा नुसता बघून तो कुठे जड आणि कुठे हलका ते सांगायचा. दहा वर्षांत त्याची स्वतःची टोळी झाली. बकुळा दुपारचा डबा घेऊन कामावर जायची आणि त्याचं जेवण होईपर्यंत बाजूला बसून बघायची. मूलबाळ झालं नाही. दोघांचं बोलणं बहुतेक वेळ मशीनबद्दलच असायचं, आणि तिला त्याचा कधी कंटाळा आला नाही.

दोन हजार आठ साली शिवडीच्या एका गोदामात मशीन उचलताना आनंदाने घाई केली. मशीनचं सरकतं टेबल आवळून बंद करायचं राहिलं. मशीन हवेत असताना टेबल एका बाजूला सरकलं, तोल गेला आणि अख्खं धूड त्याच्या कमरेला घासून खाली आलं. जीव वाचला. पण कमरेखालचा आनंदा त्या दिवशी संपला.

चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत खिडकीशी त्याची खाट लागली. टोळीतली पाच माणसं महिनाभर रोज येऊन बसायची. कामं येत होती, पण कुणी पुढे व्हायला तयार नव्हतं. शेवटी एका सकाळी आनंदा बायकोला म्हणाला, "तू जा. मी फोनार आसंय."

ती गेली. पहिलं काम काळाचौकीतल्या एका लेथचं होतं. मालक हसला, माणसं खाली बघत राहिली. बकुळाने फोन कानाला लावला आणि समोर जे दिसत होतं ते सांगायला सुरुवात केली. मशीन किती उंच, पाय कसे, माथ्याकडे काय आहे, दार किती रुंद. खाटेवरून आनंदा विचारत राहिला.

"पट्टो खय घातलंस?"

"मानेखाली. मध्ये गोणपाट घातलंय."

"बरा. आता चार बोटा उचल आनी थांब. खयच्या बाजूक कलता ता माका सांग."

"डाव्या बाजूक. वायच."

"मगे खाली घे. पट्टो डावीकडे सरकव. परत उचल."

पुरुषांसमोर ओरडून हुकूम सोडायला तिची जीभ रेटेना, म्हणून तिने शिट्टी घेतली. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. कामावर आवाज एकाचाच हवा, हा आनंदाचा पहिला नियम होता. तो आवाज शिट्टीचा असला तरी चालत होतं. काम संपलं की ती परत फोन लावायची. तो एवढंच विचारायचा, "पोचला?" आणि ती म्हणायची, "पोचला."

अशी तेरा वर्षं गेली. शेवटच्या दीड वर्षात मात्र एक गोष्ट घडली, जी तिने कुणालाच सांगितली नाही. आनंदाची नजर विझायला लागली. फोनवर तो भलतंच सांगू लागला. जिथे पट्टा माथ्याजवळ घालायला हवा तिथे पायाशी घाल म्हणायचा. समोर कॉम्प्रेसर असला तर तो लेथ धरून बोलायचा. पहिल्यांदा तिने दोनदा विचारून घेतलं. तिने "होय" म्हटलं, फोन खिशात टाकला आणि स्वतःच्या डोळ्यांना पटलं तसं केलं. संध्याकाळी त्याने विचारलं, "कसा झाला?"

"तुमी सांगलात तसाच केलंय," ती म्हणाली.

तो समाधानाने झोपला. ती जागी राहिली. त्यानंतर प्रत्येक कामावर ती फोन लावायची, सगळं ऐकून घ्यायची आणि त्यातलं काहीच करायची नाही. लोक म्हणतात की नवरा गेल्यावर बाई एकटी पडते. बकुळाला ठाऊक होतं, ती त्याच्याआधी दीड वर्ष एकटी पडली होती.

आनंदा जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर तिने लहानसहान कामं घेतली. ड्रिलिंग मशीन, पाण्याचे पंप, एकदा एका दवाखान्याचा जनरेटर. टनावरचं काम आलं की काही ना काही कारण सांगून टाळायची. टोळीतही आता चारच माणसं उरली होती. त्यात आनंदाच्या वेळचा एकटा अप्पा. वय अडुसष्ट, तोही तिकडचाच, म्हणून कामाच्या गोंगाटात तिच्याशी मालवणी बोलणारं ते एकच माणूस. बाकी दिवसभर तिच्या तोंडात मुंबईची मराठी, नाहीतर हिंदी.

मग परळहून हितेंद्रचा फोन आला.

हितेंद्रच्या वडिलांचा औद्योगिक वसाहतीत तळमजल्यावर गाळा होता. वडील गेले, गाळा विकला, एकेक मशीन गेलं आणि शेवटी एक मिलिंग मशीन राहिलं. फिरत्या दात्यांच्या कटरने लोखंड तासणारं जुनं, चिवट मशीन, वजन पावणेदोन टन. ते वरळी कोळीवाड्यातल्या अजितने घेतलं होतं. अजित होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. इंजिनाचे पार्ट तासून आणायला त्याला दरवेळी शहराबाहेर धाव घ्यावी लागे. मशीन घरी आलं तर ती धाव वाचणार होती.

"दुसरं कोणी बघा," असं सांगायला बकुळाने तोंड उघडलं होतं. पण हितेंद्र म्हणाला, "बाबांनी हे मशीन घेतलं तेव्हा आनंदामामांनीच बसवलं होतं. त्यांचं नाव वहीत आहे." मग तिला नाही म्हणता आलं नाही.

कामाच्या आदल्या दिवशी ती एकटीच कोळीवाड्यात गेली. गल्लीच्या तोंडापर्यंत टेम्पो आणि क्रेन येणार होते. तिथून अजितचं वर्कशॉप दीडशे पावलांवर. गल्ली अरुंद, दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे हटावं लागेल अशी, आणि पुढे खाडीच्या बाजूला हलकाच उतार. हातात पहार घेऊन तिने ती दीडशे पावलं चालून काढली, दर पावलाला पहारीचं टोक जमिनीवर आपटत. जमीन भरीव असेल तिथे ठक्क असा आवाज येतो. ब्याण्णवाव्या पावलाला गल्ली आडवी कापत एक गटार गेलं होतं, त्यावर सिमेंटची लादी. तिथे आवाज बदलला. तिने परत आपटून बघितलं, वाकून कान लावला. लादी वरून ठणठणीत दिसत होती, पण आतून तिने दम सोडलेला होता.

"इथे लोखंडी प्लेट लागेल," तिने अजितला सांगितलं. "बारा एमएमची, चार फूट बाय आठ फूट. दोन्ही बाजूंच्या पक्क्या जमिनीवर टेकली पाहिजे."

"होऊन जाईल काकी," अजित म्हणाला. चाळिशीचा, हाताला कायम ग्रीस लागलेलं, मनाने चांगला पण उतावळा. "उद्या येशील तेव्हा पडलेली असेल इथे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला टोळी परळच्या गाळ्यात पोचली. वीज आदल्या दिवशीच तोडून घेतली होती. बकुळाने आधी टाकीतलं तेलपाणी काढायला लावलं, कारण वाटेत तेल सांडलं की माणसाचा पाय आधी घसरतो आणि मशीन त्याच्या मागून. मग मशीनचं टेबल अगदी खाली उतरवलं, बरोबर मध्यावर आणलं आणि सगळे लॉक आवळले. अप्पाने आवळले, तिने तपासले. मग परत एकदा स्वतःच्या हाताने पाना घालून बघितले. टोळीतला एकजण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "वैनीचं देवाला फुलं वाहणं झालं की निघू." तिने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

या जातीचं मशीन उभं असतं, पाय लहान आणि माथा जड. सरळ उभं असताना गरीब दिसतं, पण जरा कललं की मग कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून तिने जमिनीतले बोल्ट काढून एकेक कोपरा पहारीने बोटभर उचलला, खाली लाकडी ठोकळे सारले आणि मशीनच्या पायांना दोन जाडजूड लाकडी ओंडके बोल्टने पक्के केले. आता त्याचा पाय रुंद झाला. ओंडक्यांखाली लोखंडी पाइप टाकले आणि मशीन पाइपांवरून लोटत दारापर्यंत आणलं. मागचा पाइप मोकळा झाला की उचलून पुढे टाकायचा, पुन्हा मागचा, पुन्हा पुढे.

बाहेर क्रेन उभी होती. क्रेनवाला नवा होता. बकुळाने पट्टे घातले, पट्टा जिथे लोखंडाच्या धारेवर येत होता तिथे लाकडाच्या फळ्या दिल्या आणि सगळ्यांना मागे हटवलं. दोन शिट्ट्या. मशीन चार बोटं उचललं. एक शिट्टी. मशीन हवेत थांबलं.

इथेच ती फोन लावायची. तिचा हात सवयीने सदऱ्याच्या खिशाकडे गेला आणि तसाच राहिला. मशीन किंचित पुढच्या बाजूला झुकलं होतं. तिला ते दिसत होतं. काय करायचं तेही माहीत होतं, आणि खरं तर साडेचार वर्षं माहीत होतं. पण सांगायला समोर कुणी नव्हतं, आणि जे सांगायचं नसतं ते बरोबर आहे की चूक ते आपल्या कानाला कळत नाही, असं तिला वाटलं.

"ओ बाई, सोनेका है क्या?" क्रेनवाला वरून ओरडला.

तिने हाताने खाली घ्यायची खूण केली. पुढचा पट्टा वीतभर सरकवला. पुन्हा चार बोटं. या वेळी मशीन ओळंब्यासारखं सरळ राहिलं. मग ते टेम्पोत चढलं, चारी बाजूंनी साखळ्यांनी आवळलं गेलं. माणसं मशीनशेजारी बसायला निघाली तेव्हा तिने त्यांना खाली उतरवून बसने यायला सांगितलं. चालत्या गाडीत जड मशीनच्या बाजूला कुणी बसायचं नाही, मग ऊन असो की पाऊस. ती स्वतः ड्रायव्हरशेजारी बसली. परळहून प्रभादेवी, तिथून वरळी. प्रत्येक खड्ड्याला ती आरशात बघत होती. ड्रायव्हरने रेडिओ लावला. ती काहीच बोलली नाही म्हणून त्याने आवाज वाढवला.

कोळीवाड्याच्या तोंडाशी मशीन उतरलं तेव्हा साडेदहा वाजले होते. ब्याण्णवाव्या पावलावर प्लेट नव्हती.

"येतेय काकी, बोललोय मी त्याला," अजित म्हणाला. "तोपर्यंत आणूया ना इथवर."

आणलं. गल्ली उताराची म्हणून मशीनला मागून जाड दोर बांधला होता, गल्लीच्या तोंडाशी रोवलेल्या जुन्या दगडी खांबाला त्याचे दोन वेढे घेतले होते, आणि अप्पा तो दोर वीत वीत सोडत होता. दोन्ही अंगांनी दारं, ओटे, बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील. बायका मुलांना आत ओढून घेत होत्या. एका ओट्यासमोर ताडपत्रीवर जवळा पसरलेला होता. त्याची मालकीण सुंदराबाई, अजितची आत्या, सत्तरीची, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझा जवला मी हलवाचा नाय," ती म्हणाली. "तुमच्या लोखंडाला दुसरी वाट नाय काय?"

अजितने हातापाया पडून ताडपत्री हलवली. सुंदराबाई पुटपुटत ओट्यावर बसली.

लादीच्या चार पावलं अलीकडे बकुळाने एक शिट्टी मारली. मशीन थांबलं. तिने पुढचे-मागचे पाइप पाचर मारून जाम केले.

अकरा वाजले. साडेअकरा झाले. प्लेटवाला फोन उचलत नव्हता. अजित घामाघूम होऊन येरझारा घालत होता.

"काकी, परवा याच लादीवरून सिमेंटच्या गोण्यांची हातगाडी गेली. काय झालं? काही नाही."

"हातगाडी दोन-तीनशे किलोची. हे पावणेदोन टन आहे."

"अगं पण एका सेकंदाचा प्रश्न आहे. एक धक्का मारला की पलीकडे."

"नाही."

"माणसं बसून राहिलीत. गल्ली अडलीय. लोक मला शिव्या घालतायत."

"घालू देत."

तिची स्वतःची माणसंही कुजबुजत होती. एकजण उघड म्हणाला, "वैनी, आनंदाभाऊ असते तर एव्हाना काढलं असतं." ते खरं होतं. आनंदाने काढलं असतं. घाईनेच तर तो खाटेला लागला होता. हे तिच्या जिभेवर आलं, पण मेलेल्या माणसाची चूक चारचौघांत काढणं तिला जमलं नाही. ती एवढंच म्हणाली, "जेवून या सगळे. मी बसते इथे."

माणसं गेली. अजित प्लेट शोधायला स्कूटर काढून गेला. अप्पाही, "येतंय हां वैनी," म्हणून त्यांच्यामागून गेला. गल्लीत बकुळा आणि मशीन राहिलं. ती एका दाराच्या पायरीवर बसली. टोळीबरोबर ती कधी जेवली नव्हती. ती बाजूला असली की माणसं मोकळं बोलत नाहीत हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पिशवीतून तिने चपाती-भाजीचा डबा काढला आणि मशीनवरची नजर न हलवता खाल्ला.

"पानी देऊ?" सुंदराबाईने ओट्यावरून विचारलं. राग ओसरला असावा. तांब्या घेऊन ती स्वतःच आली आणि पायरीवर टेकली. मांडीवर सुपात जवळा, त्यातला कचरा निवडत.

"बाप्यांचा काम तू कशाला करतंस गो?"

"नवरा करायचा. त्याला लागलं, मग मी धरलं."

"हाय का तो?"

"नाही. तीन वर्षं झाली."

"माझा पन दर्यान गेला. तवा माझी सून पन आली नव्हती." तिने एक काडी फेकली. "तुझं कोन हाय घरी?"

"कोणी नाही."

सुंदराबाईने 'अरेरे' वगैरे काही म्हटलं नाही, नुसती निवडत राहिली. त्या गप्प बसण्यामुळेच की काय, बकुळाच्या आत काहीतरी सैल झालं. इतकी वर्षं जे कुणालाही सांगितलं नव्हतं ते ती या अनोळखी म्हातारीला सांगू लागली. खाट, फोन, चार बोटं, पोचला का. आणि मग खालच्या आवाजात, मशीनकडे बघत, "शेवटी शेवटी त्यांना कळेनासं झालं होतं. चुकीचं सांगायचे. मी हो हो म्हणायचे आणि माझ्या मनाचं करायचे. दीड वर्ष फसवलं मी त्यांना. आता वाटतं, त्यांना ते कळलं असेल. कळूनही ते रोज विचारत असतील, कसं झालं म्हणून."

बोलून झाल्यावर तिने वळून बघितलं. पायरीवर सुंदराबाई नव्हती. चार पावलं मागे, ताडपत्रीवर एक मांजर चढलं होतं आणि म्हातारी हातातलं सूप हलवत त्याच्यावर धावून गेली होती. ती परत आली, धापा टाकत बसली.

"मेली रोज येते. काय बोललीस तू?"

"काही नाही," बकुळा म्हणाली. "जवळा बरा आहे म्हटलं."

"हाय ना? जाताना ने वाटीभर."

पावणेतीनला अजित परत आला. स्कूटरमागे एक तीनचाकी टेम्पो, त्यात गंजलेली पण जाड प्लेट. चार माणसांनी ती उचलून लादीवर टाकली. बकुळाने दोन्ही टोकं पक्क्या जमिनीवर टेकलीत ना ते वाकून बघितलं, प्लेटवरची वाळू झाडली, सगळ्यांना बाजूला घेतलं. मशीनच्या पुढे कुणी नाही. मागे दोरावर अप्पा. दोन शिट्ट्या.

मशीन हललं. पहिला पाइप प्लेटवर चढला, मग दुसरा. मशीन बरोबर मध्यावर आलं तेव्हा प्लेटच्या खालून आवाज आला, कट्ट. सुकलेली काटकी मोडावी तसा. प्लेट किंचित वाकली. बकुळाच्या ओठांत शिट्टी होती. एक फुंकली असती तर मशीन तिथेच, त्या गटारावर थांबलं असतं. तिने फुंकली नाही. हाताने 'चला, चला' केलं. पाइप फिरत राहिले. अप्पाच्या हातातून दोर सरसरत गेला, त्याने दात खाऊन धरला. मशीन पलीकडच्या जमिनीवर उतरलं.

मग तिने शिट्टी मारली, एक.

अजितने पहारीने प्लेटचं टोक उचलून खाली बघितलं. लादी मधोमध दुभंगून वीतभर खाली बसली होती. फटीतून गटाराचं काळं पाणी दिसत होतं. मग त्याने मशीनच्या जड माथ्याकडे बघितलं, आणि त्या माथ्याच्या उंचीएवढ्या अंतरावरच्या दाराकडे, जिथे सकाळी एक बाई मुलाला न्हाऊ घालत होती.

"काकी," तो म्हणाला. आणि त्याने पहार खाली ठेवली.

"अजून चोपन्न पावलं आहेत," बकुळा म्हणाली.

साडेचारला मशीन वर्कशॉपमध्ये त्याच्या जागी उभं राहिलं. पाण्याची पातळी दाखवणारी नळी ठेवून तिने चारी पाय बघितले, पातळ पत्र्याचे तुकडे घालून सरळ केलं. अजितने सगळ्यांना जेवायला बसवलं. आत वाढपाची गडबड, हशा. लादीची गोष्ट टोळीतली माणसं आता वाढवून सांगत होती, जणू प्लेटसाठी ते सगळेच अडून बसले होते. अजितच्या बायकोने बकुळाला आतल्या खोलीत वेगळं पान वाढलं. "तुम्हाला इकडे बरं पडेल," ती आदराने म्हणाली. बकुळाने तिथे बसून सुरमईची तुकडी खाल्ली. भिंतीपलीकडे लोक तिचं कौतुक करत होते.

जेवणं झाल्यावर ती हात धुवायला मागच्या दाराशी गेली. समोर खाडी, ओहोटीत चिखलावर कललेल्या होड्या. अप्पा तिथेच दगडावर बसून गुडघे चोळत होता.

"वैनी, आज बरा केलास," तो म्हणाला. "आनंदाक पन इतको धीर नाय होतो."

तिला वाटलं, आता काहीतरी बोलावं. पण अप्पाच पुढे बोलला, खाली बघत. "माजी ढोपरा गेली. आज दोर धरलंय तेवाच समाजला. झील नि सून कवासून बोलवतत. पुढच्या आयतवारी गावाक जातंय. परत येवचंय नाय."

"जावा," बकुळा म्हणाली. "हय काय आसा आता."

रविवारी सकाळी ती त्याला पोचवायला परळच्या नाक्यावर गेली, जिथून कोकणच्या खाजगी बसगाड्या सुटतात. अप्पाकडे एक ट्रंक आणि दोन पिशव्या. तीस वर्षांची ओळख, पण बोलायचं कामाचंच असायचं आणि आज काम नव्हतं. त्यांनी चहा घेतला. बस कधी सुटणार, कुडाळला किती वाजता पोचेल, एवढंच बोलणं झालं. बस आली. ट्रंक वर टपावर चढवायची होती. ड्रायव्हरचा माणूस एका हाताने ओढायला लागला तेव्हा बकुळा म्हणाली, "दोन्ही कड्यांना धर. डावी बाजू जड आहे." त्याने तसं केलं आणि ट्रंक सरळ वर गेली. अप्पा खिडकीतून हसला. "येवा कदीतरी," तो म्हणाला.

बस गेली. बकुळा नाक्यावर उभी राहिली. बाजूला फुलवाल्या, दूधवाले, कामावर निघालेली माणसं. आता या शहरात मालवणी बोलायला आपल्याला कुणीच नाही, हे तिला त्या गर्दीत अगदी साध्या हिशोबासारखं कळलं. रडू आलं नाही. तिने अर्धा किलो कांदे घेतले आणि घरी आली.

अजितचं मशीन चालू झालं. महिन्याने त्याचा फोन आला, कटरचा आवाज ऐक म्हणून त्याने फोन मशीनजवळ धरला. तिने ऐकला. आवाज एकसारखा होता, थरथर नव्हती. "चांगलं बसलंय," ती म्हणाली. गल्लीतल्या गटारावर नवी लादी पडली होती, असंही त्याने सांगितलं.

टोळीत तिने दोघं नवे घेतले, एक बिहारचा, एक जालन्याकडचा. त्यांना ती वैनी नाही, मॅडम. नियम सगळे सांगते, शिट्टीचे, पाचरींचे, टेबलाच्या लॉकचे. ते ऐकतात. कुणी मध्येच कारण विचारलं तर तेही सांगते, पण शिवडीच्या गोदामाचं नाव घेत नाही.

परवा गिरगावातल्या एका वाडीतून फोन होता. छापखान्याचं जुनं मशीन, दुसऱ्या मजल्यावर, लाकडी जिना. बोलणारा घाईत होता. "किती वेळ लागेल?"

"आधी बघायला येते," बकुळा म्हणाली. "जिन्याला किती पायऱ्या आहेत?"

"मोजल्या नाहीत हो."

"बरं. मी मोजते."